दिल्याने वाढणारे धन

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत गोडा मसाला असतो. आमटीत तो चिमूटभर घातला की तिला एक निराळाच स्वाद येतो. धणे, तीळ, सुके खोबरे, दालचिनी, लवंग, दगडफूल अशा कितीतरी जिनसांपासून हा मसाला तयार होतो. प्रत्येक जिन्नस बेताने भाजावा लागतो आणि मग सर्व एकत्र कुटून त्यांची पूड करावी लागते. समजा, या मसाल्याची एक पुडी तुम्ही बाजारातून आणली. केवळ पूड चाखून तीळ किती घेतले, दगडफूल किती घेतले, कोणता जिन्नस किती वेळ भाजला, हे तुम्हांला सांगता येईल काय? एखाद्या निष्णात सुगरणीलाही ते अचूक सांगता यावयाचे नाही. परंतु आजीच्या वहीतील कृती हाती आली, तर मसाला करता येईलच, शिवाय घरात कोणाला तीळ चालत नसतील तर ते वगळताही येतील आणि मिरीचा स्वाद अधिक हवा असल्यास मिरी वाढवताही येईल.

संगणकाचेही असेच आहे. संगणक हे यंत्र स्वतः काहीच करीत नाही. काय करावयाचे आणि कोणत्या क्रमाने करावयाचे, हे त्याला बारकाईने सांगावे लागते. या सूचनांच्या समूहाला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. आज्ञावली लिहिणारा मनुष्य ती प्रथम माणसांना वाचता येईल अशा भाषेत लिहितो. हे लेखन म्हणजे तिची मूळ संहिता, ज्यास सर्वत्र सोर्स कोड म्हणतात. पुढे या संहितेचे रूपांतर शून्य आणि एक या दोनच चिन्हांच्या लांबलचक मालिकेत होते. ती मालिका संगणकाला कळते, माणसाला मात्र ती वाचून अर्थबोध होत नाही. मूळ संहिता ही मसाल्याची कृती, आणि शून्य-एकची मालिका ही कुटलेली पूड. दुकानातून विकत घेतलेल्या पुष्कळशा आज्ञावल्यांबरोबर आपल्याला फक्त पूड मिळते; कृती विकणाऱ्याच्या कपाटात कुलूपबंद राहते. ज्या आज्ञावलीची मूळ संहिताही सर्वांना खुली असते आणि ती वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची परवानगीही असते, तिला मुक्त स्रोत आज्ञावली म्हणतात. इंग्रजी नावावरून आलेला ‘ओपन सोर्स’ हा शब्द तुमच्या कानांवरून गेला असेलच.

संगणकाच्या आरंभीच्या काळात कृती लपवून ठेवण्याची चाल फारशी नव्हती. विद्यापीठांतील संशोधक आपण लिहिलेली संहिता शेजाऱ्याला सहज देत आणि त्याची आपण घेत. पुढे आज्ञावल्यांचा स्वतंत्र व्यापार सुरू झाला, आणि कंपन्या मूळ संहिता गुप्त ठेवू लागल्या. हा बदल एका माणसाच्या मनाला फार लागला. त्याचे नाव रिचर्ड स्टॉलमन.

स्टॉलमन हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत. तेथे एकाच छपाईयंत्रावर अनेकांचे कागद छापले जात. यंत्र दुसऱ्या मजल्यावर आणि माणसे इतरत्र. त्यामुळे कागद अडकला तरी कोणाला पत्ता नसे. जुन्या यंत्राची संहिता उपलब्ध असल्यामुळे स्टॉलमन यांनी तिच्यात एक छोटीशी सोय करून ठेवली होती. कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सर्वांना संगणकावर तसा निरोप जाई, आणि कोणीतरी उठून तो कागद काढी. इ. स. १९८० च्या सुमारास प्रयोगशाळेला एक नवे यंत्र मिळाले. ते जलद होते, परंतु त्याचाही कागद वारंवार अडके. स्टॉलमन यांना त्यातही जुनी सोय करावयाची होती. मात्र या यंत्राबरोबर मूळ संहिता आलीच नव्हती. दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकाजवळ ती असल्याचे कळताच स्टॉलमन त्याच्याकडे गेले. त्या संशोधकाने कानांवर हात ठेवले. कोणालाही संहिता देणार नाही असे वचन त्याने लिहून दिले होते. यंत्र समोर, दोष माहीत, दुरुस्ती करण्याचे ज्ञानही जवळ, आणि तरीही हात बांधलेले!

या प्रसंगाने स्टॉलमन विचारात पडले. एका शेजाऱ्याने दुसऱ्याला मदत करू नये असा करार ज्यात करावा लागतो, तो मार्ग योग्य कसा म्हणावा, असे त्यांना वाटले. इ. स. १९८३ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. संगणकाचे सर्व व्यवहार चालविणारी एक संपूर्ण प्रणाली नव्याने लिहावयाची आणि ती सर्वांना मुक्तपणे द्यावयाची, असा तो संकल्प होता. १९८४ च्या जानेवारीत नोकरी सोडून त्यांनी कामास आरंभ केला आणि १९८५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाची स्थापना केली.

परंतु येथे एक अडचण उभी राहिली. आपण खुली ठेवलेली संहिता दुसऱ्या कोणी घेतली, तिच्यात थोडी भर घातली आणि तिला कुलूप लावून विकली, तर काय करावयाचे? स्टॉलमन यांनी यावर एक युक्ती योजली. लेखकाला आपल्या लेखनावर कायद्याने जो हक्क असतो, त्याच हक्काचा आधार घेऊन त्यांनी १९८९ मध्ये एक परवाना तयार केला. ‘ही आज्ञावली वापरा, बदला, इतरांस द्या, हवी तर विकाही, मात्र तुम्ही बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तेव्हा तिची मूळ संहिताही याच अटींवर द्या,’ असा त्या परवान्याचा आशय आहे. ज्याला मिळाले त्याने पुढे द्यावे, हा नियम अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आला. पुढे आणखीही परवाने निघाले. त्यांपैकी काहींत ही अट नाही. मूळ लेखकाचे नाव राखले म्हणजे पुरते.

ग्नू प्रकल्पाची बरीचशी अंगे तयार झाली, पण सर्वांच्या तळाशी असणारा गाभा तयार होईना. तो आला भलत्याच ठिकाणाहून. फिनलंड देशातील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. स्वतःच्या नव्या संगणकाची अंतर्रचना समजून घेण्याच्या ओढीने त्याने असा एक गाभा लिहावयास घेतला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने जगभरच्या जाणकारांना संगणकजालावरून निरोप पाठवला. हे काम आपण केवळ हौस म्हणून करीत आहोत, त्याचे काही मोठे होईल असे नाही, पण सूचना अवश्य कळवाव्यात, असा त्याचा मजकूर होता. सप्टेंबरमध्ये त्याने आपली संहिता सर्वांसाठी खुली केली. तिच्या सुमारे दहा हजार ओळी होत्या. कोणी त्यातील चुका दाखविल्या, कोणी नवी भर घातली. १९९२ मध्ये लिनसने तिला स्टॉलमन यांचाच परवाना लावला. हाच तो लिनक्स.

आज लिनक्सच्या संहितेत तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि निरनिराळ्या देशांतील हजारो लोकांनी त्या लिहिल्या आहेत. आपल्या देशात सर्रास दिसणाऱ्या अँड्रॉइड प्रणालीच्या मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशे महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या पाचशेही संगणकांवर लिनक्सच चालत आले आहे. एका विद्यार्थ्याच्या हौसेचे हे फळ आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ते फळ एकट्याने वाढविलेले नाही.

मुलांनो, येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावयास हवी. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. एखादी आज्ञावली फुकट मिळत असूनही कुलूपबंद असू शकते, आणि मुक्त आज्ञावली पैसे घेऊन विकताही येते. मुक्ततेची चार अंगे मानतात. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरता आली पाहिजे, हे पहिले. ती कशी चालते याचा अभ्यास करून तिच्यात बदल करता आला पाहिजे, हे दुसरे. तिच्या प्रती इतरांना देता आल्या पाहिजेत, हे तिसरे. आणि आपण केलेली सुधारणा सर्वांना वाटता आली पाहिजे, हे चौथे. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन या विदुषींनी सुचविले. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाचा अर्थ लोक ‘फुकट’ असा घेतात, हा घोटाळा टळावा हा त्यामागील हेतू होता.

आता या आज्ञावल्या आपल्या घरी कोणत्या उपयोगाच्या आहेत, ते पाहू. निबंध टंकलिखित करावयाचा असो, घरखर्चाचा ताळा मांडावयाचा असो किंवा शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ते करावयाचे असोत, लिबरऑफिस ही आज्ञावली ही सर्व कामे करते. ती कोणत्याही संगणकावर विनामूल्य घेता येते आणि तिच्यातील सूचना मराठीतूनही वाचता येतात. जगभरची संकेतस्थळे पाहण्यासाठी फायरफॉक्स आहे. चित्रे व छायाचित्रे नीटनेटकी करण्यासाठी गिंप आहे. चित्रफिती पाहण्यासाठी व्हीएलसी आहे. रस्त्यावर काम चालू असताना ठेवतात तसा नारिंगी-पांढरा शंकू हे तिचे चिन्ह. या व्हीएलसीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना आपल्या वसतिगृहातील संगणकजाल अधिक जलद हवे होते. जलद जालाची गरज दाखविता यावी म्हणून १९९६ मध्ये त्यांनी जालावरून चित्रफिती पाठविण्याचा प्रकल्प हाती घेतला. २००१ मध्ये महाविद्यालयाच्या अनुमतीने त्याची संहिता खुली झाली, आणि विद्यार्थ्यांची ती खटपट घराघरांत पोहोचली.

घरात एखादा जुना संगणक धूळ खात पडलेला असतो. यंत्र धड असते. परंतु नव्या प्रणालीचा भार त्याला झेपत नाही. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० या प्रणालीच्या नेहमीच्या मोफत सुधारणा थांबल्या, आणि अशा पुष्कळ संगणकांपुढे हा प्रश्न उभा राहिला. लिनक्सच्या काही आवृत्त्या मुद्दाम हलक्या केलेल्या असतात. त्यांपैकी एखादी बसविली, तर लेखन, वाचन, हिशेब आणि अभ्यास एवढ्या कामांसाठी तोच संगणक आणखी काही वर्षे उपयोगी पडतो. वस्तू मोडकळीस येण्यापूर्वीच टाकून देणे आपल्याकडे कधीच शहाणपणाचे मानलेले नाही.

मराठीच्या दृष्टीने तर या चळवळीचे महत्त्व अधिकच आहे. कुलूपबंद आज्ञावली मराठीत आणावयाची की नाही, हे तिचा मालक ठरवितो. गिऱ्हाईक थोडे असेल तर तो त्या वाटेला जात नाही. मुक्त आज्ञावलीचा अनुवाद करण्यास कोणाची मिनतवारी करावी लागत नाही. ज्यांना मराठीचे प्रेम आहे त्यांनी एकत्र बसून काम केले की झाले. अक्षरांच्या वळणांचेही तसेच आहे. मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखी देवनागरी अक्षरवळणे खुल्या परवान्याखाली दिलेली आहेत. गावातील फलक रंगवून देणाऱ्यापासून मासिकाच्या संपादकापर्यंत कोणालाही ती वापरता येतात.

व्यापारउदिमात या आज्ञावल्यांचा उपयोग याहूनही मोठा आहे, आणि तेथे प्रश्न केवळ पैशांचा नाही. एक उदाहरण घेऊ. एखाद्या तालुक्याच्या गावी किराणा मालाचे दुकान आहे. दुकानदाराने दहा वर्षांचा हिशेब एका कुलूपबंद आज्ञावलीत ठेवला आहे. त्या आज्ञावलीची कंपनी बंद पडली किंवा तिने वार्षिक शुल्क दुप्पट केले, तर त्याने काय करावे? हिशेब त्याचा, उधारी त्याची, गिऱ्हाइके त्याची. पण ती सर्व माहिती ज्या स्वरूपात साठविली आहे, ते स्वरूप दुसऱ्या आज्ञावलीला वाचता येत नाही. पेढी स्वतःची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी त्याची गत होते. मुक्त आज्ञावली वापरणाऱ्यावर हा प्रसंग सहसा येत नाही. मूळ संहिता उघडी असल्यामुळे एक कारागीर गेला तर दुसरा ते काम पुढे चालवू शकतो. माहिती साठविण्याची पद्धतीही जाहीर असते. लिबरऑफिसच्या कागदपत्रांचे स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले आहे. त्यामुळे ते कागद उद्या दुसऱ्याही आज्ञावलीत उघडता येतील.

असे काम आपल्याच राज्यात झालेले आहे. मुंबईचे रुशभ मेहता यांनी आपल्या कुटुंबाच्या फर्निचरच्या धंद्याचा कारभार सुरळीत चालविण्याच्या गरजेतून एक आज्ञावली तयार करण्यास घेतली. पुढे ती ईआरपीनेक्स्ट या नावाने प्रसिद्ध झाली. खरेदी, विक्री, साठा, पगारपत्रक असे धंद्याचे सारे व्यवहार तिच्यात एका जागी ठेवता येतात. तिची संहिता खुली असल्यामुळे देशोदेशींचे व्यापारी व कारखानदार ती वापरतात आणि आपापल्या गरजेप्रमाणे तिच्यात फेरफार करून घेतात.

तुम्ही विचाराल, ‘संहिता वाटून टाकल्यावर या लोकांचे पोट कसे भरते?’ प्रश्न रास्त आहे. आज्ञावली मिळाली तरी ती बसवून देणे, कामगारांना शिकविणे, अडचण आली की धावून जाणे, नव्या गरजेसाठी बदल करून देणे, ही सर्व कामे उरतातच. आणि त्यांचा मोबदला मिळतो. मसाल्याची कृती सर्वांना ठाऊक असूनही मसाला करून देणाऱ्या बायकांचा धंदा चालतोच ना? रेड हॅट नावाच्या अमेरिकेतील कंपनीने लिनक्सची अशी सेवा पुरवून एवढा जम बसविला की, आयबीएम या कंपनीने २०१९ मध्ये तिला सुमारे ३४ अब्ज डॉलरांना विकत घेतले.

तथापि मुक्त आज्ञावली आणली की सारे आपोआप सुरळीत होते, असे मात्र नाही. जर्मनीतील म्यूनिक नगरपालिकेने २००३ च्या सुमारास आपल्या कचेऱ्यांत लिनक्स आणण्याचे ठरविले. दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक त्या प्रणालीवर आले. तरीही २०१७ मध्ये नगरपालिकेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. इतर कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवघेव करताना अडचणी येतात, अशी कर्मचाऱ्यांची तक्रार होती. दोष आज्ञावलीचा की कारभाराचा, याविषयी तेथे बराच वाद झाला. यावरून एवढे कळते की, नवी पद्धत आणताना माणसांना शिकविण्यासाठी वेळ आणि पैसा राखून ठेवावाच लागतो. जो केवळ खर्च वाचविण्यासाठी या मार्गाने जातो, त्याची निराशा होण्याचा संभव असतो.

याहून गंभीर अशीही एक गोष्ट आहे. गावच्या सार्वजनिक विहिरीवर सर्वजण पाणी भरतात. परंतु विहिरीतील गाळ काढण्याची वेळ आली की किती हात पुढे येतात? मुक्त आज्ञावल्यांची हीच परीक्षा आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या आज्ञावलीत एक मोठा दोष असल्याचे उघडकीस आले. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्त माहिती जपण्याचे काम ती करीत होती. कोट्यधीश कंपन्या तिच्यावर विसंबून होत्या, आणि तिची निगा राखणारी माणसे मात्र मूठभर होती.

दहा वर्षांनंतर तर कोणी जाणूनबुजून घात करण्याचाच यत्न केला. एक्सझेड नावाची एक लहानशी आज्ञावली आहे. मोठ्या माहितीची घडी घालून ती थोड्या जागेत बसविणे एवढेच तिचे काम. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत ती असते. वर्षानुवर्षे एकच गृहस्थ आपल्या फावल्या वेळात, मोबदला न घेता, तिची देखभाल करीत होते. काम आवरेनासे झाले होते आणि लोक तर घाई करीत होते. अशा वेळी एक अनोळखी मनुष्य मदतीस आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने निमूटपणे चांगले काम केले आणि विश्वास संपादन केला. मग २०२४ च्या आरंभी त्याने त्या आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसविला. तो इतक्या खुबीने लपविलेला होता की, वरवर संहिता चाळणाऱ्याला तो दिसला नसता. हा बेत तडीस गेला असता, तर जगातील कितीतरी संगणकांत त्याला गुपचूप शिरता आले असते.

तो बेत फसला तो एका माणसाच्या जागरूकतेमुळे. अँड्रेस फ्रॉइंड नावाचे अभियंते निराळ्याच एका कामासाठी वेगाची मोजमापे घेत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. अर्धा सेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याहून थोडा अधिक वेळ! दुसरा कोणी असता तर त्याने तिकडे काणाडोळा केला असता. फ्रॉइंड यांनी मात्र कारणाचा माग काढला. संहिता खुली असल्यामुळे त्यांना पायरीपायरीने मागे जाता आले, आणि शेवटी चोरदरवाजा सापडला. २०२४ च्या २९ मार्चला त्यांनी ही गोष्ट सर्वांना कळविली. तोवर तो दोष बहुतांशी चाचणीच्या आवृत्त्यांतच पोहोचला होता. त्यामुळे मोठा अनर्थ टळला. दार उघडे असल्याने चोर आत आला हे खरे. पण दार उघडे होते म्हणूनच शेजाऱ्याला आत डोकावून चोर पकडता आला, हेही तितकेच खरे. खुलेपणा पाहण्याची संधी देतो. डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस मात्र आपणच पुरवावा लागतो.

आपल्या देशानेही या मार्गावर पुष्कळ पावले टाकली आहेत. केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांतून मुले व शिक्षक यांना मुक्त आज्ञावल्यांवर संगणक शिकविण्याचा उपक्रम वर्षानुवर्षे चालविला आहे. सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली. भारत सरकारने २०१५ मध्ये आपल्या कारभारात मुक्त स्रोत आज्ञावल्यांना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने या आज्ञावल्या शिकविणारे छोटे छोटे ध्वनिचित्रपाठ तयार केले असून ते मराठीतूनही ऐकता येतात. पाठ्यपुस्तकांवर छापलेली चौकटीची खूण मोबाइलवर टिपल्यावर जी ‘दीक्षा’ उघडते, तीदेखील ‘सनबर्ड’ नावाच्या मुक्त स्रोत आज्ञावलीवर उभी आहे.

मग या कामात तुमच्यासारख्या मुलांना काय करता येईल? संहिता लिहिता येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. लिबरऑफिससारखी आज्ञावली वापरून पाहा. तिच्यातील एखादा मराठी शब्द अशुद्ध वाटला किंवा एखादे काम नीट होत नसले, तर काय केले असता काय घडते, हे नेमक्या शब्दांत लिहा आणि वडील माणसांच्या मदतीने ते त्या आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांना कळवा. दोषाचे नेमके वर्णन ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. वापरताना परवान्याच्या अटी पाळा आणि ज्याचे काम आपण घेतले, त्याचे नाव पुसू नका.

पैसा दिल्याने कमी होतो, धान्य वाटल्याने सरते. विद्या मात्र दिल्याने वाढते, असे आपले पूर्वज सांगत आले. मुक्त स्रोत आज्ञावली हे त्या जुन्या वचनाचे नवे रूप आहे. या भांडारातून प्रत्येकाने हवे तितके घ्यावे. मात्र जाताना आपल्या शक्तीप्रमाणे ओंजळभर भर घालून जावे. असे घेणारे आणि देणारे हात जोवर आहेत, तोवरच हे भांडार भरलेले राहील.

शब्दार्थ

निष्णात – अत्यंत कुशल. संकल्प – निश्चय. आशय – मुख्य अर्थ. मिनतवारी – विनवणी. पेढी – व्यापाराची जागा. रास्त – योग्य. खुबीने – चतुराईने. काणाडोळा करणे – दुर्लक्ष करणे. अनर्थ – मोठे संकट.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मूळ संहिता म्हणजे काय?
(आ) ग्नू प्रकल्प कोणी व केव्हा जाहीर केला?
(इ) व्हीएलसी या आज्ञावलीचे चिन्ह कोणते?
(ई) ‘ओपन सोर्स’ हे नाव सुचविण्यामागे कोणता हेतू होता?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) नव्या छपाईयंत्रामुळे स्टॉलमन यांच्यापुढे कोणती अडचण उभी राहिली?
(आ) मुक्ततेची चार अंगे स्वतःच्या शब्दांत सांगा.
(इ) किराणा दुकानदाराच्या उदाहरणावरून लेखकाला काय पटवून द्यावयाचे आहे?
(ई) म्यूनिक नगरपालिकेच्या अनुभवावरून कोणता बोध घेता येतो?

३. कारणे द्या.
(अ) मुक्त आज्ञावलीचा मराठीत अनुवाद होणे सोपे असते.
(आ) एक्सझेडमधील चोरदरवाजा वेळीच उघडकीस आला.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
कानांवर हात ठेवणे, धूळ खात पडणे, जम बसविणे, डोळ्यांत तेल घालून पाहणे.

५. ‘दार उघडे होते म्हणूनच शेजाऱ्याला आत डोकावून चोर पकडता आला.’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात काय? आठ-दहा ओळींत लिहा.

६. उपक्रम : तुमच्या घरी किंवा शाळेत वापरल्या जाणाऱ्या पाच आज्ञावल्यांची यादी करा. त्यांतील मुक्त कोणत्या, विनामूल्य पण कुलूपबंद कोणत्या आणि विकत घेतलेल्या कोणत्या, हे शिक्षकांच्या मदतीने शोधून तक्ता तयार करा.